मंगेशची अदलाबदल

मंगेश गेल्याची बातमी मला त्याच्या घरून कळली नाही. कबड्डी लीगचं सोशल मीडिया सांभाळणाऱ्या मुलीकडून कळली. सकाळचे दहा वाजायचे होते, परळच्या ऑफिसात मी नुकता टेकलो होतो, आणि फोनवर निरोप आला : 'अजय सर, मंगेश सरांचं ऐकून खूप वाईट वाटलं. मराठीत ट्रिब्यूट पाहिजे, तीस सेकंद. अकरापर्यंत द्याल का?' मी तो निरोप दोनदा वाचला. मग मंगेशच्या बायकोला, दीपालीवहिनीला फोन लावला. तिने उचलला. मागे मंगेशच्या आईचा आवाज येत होता. 'भावोजी, तुम्हाला करणारच होते फोन,' एवढंच ती म्हणाली... आणि मला कळलं की खरं आहे.

आता पुढचं सांगायला लाज वाटते, पण ते गाळून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मी तो ट्रिब्यूट रेकॉर्ड केला. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून, लिफ्टचा आवाज येऊ नये म्हणून दोन मजले वर जाऊन. नोकरी सांभाळून सहा मोसम मी कबड्डीच्या या लीगचं मराठी समालोचन करतोय, त्यामुळे तीस सेकंद म्हणजे किती शब्द हे मला तोंडपाठ आहे. पहिल्या वेळी मध्येच माझा आवाज फुटला, म्हणून पुन्हा बोललो. दुसरा पाठवला. त्या मुलीने विचारलं, पहिला आहे का? तोही पाठवला. 'हाच घेते सर, हा जास्त इमोशनल आहे.' अकरा वाजून पाच मिनिटांनी तो सगळीकडे फिरत होता. मंगेशचा फोटो, खाली दोन मेणबत्त्या, आणि कोपऱ्यात प्रायोजक बनियनच्या कंपनीचा शिक्का. त्यानंतर मी टॅक्सी करून नायगावला गेलो.

मंगेशची आणि माझी ओळख त्याच्या हातामुळे झाली. लालबागला एका मंडळाच्या स्पर्धेत मी चढाई करत होतो. तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि स्वतःला वारा समजत होतो. बोनस घेऊन वळतोय तोच डाव्या कोपऱ्यातल्या एका काळ्यासावळ्या, काटक पोराने माझा घोटा धरला. ओढला नाही, पिळला नाही, नुसता धरला. मी तोंडावर आपटलो, ओठ फाटला. सामना संपल्यावर तोच पोरगा बर्फाचा गोळा घेऊन आला, काला खट्टा. 'ओठावर धर. मग खा,' म्हणाला. पुढची वीस वर्षं तो माझ्याशी साधारण एवढंच बोलत आला. नायगावच्या बीडीडी चाळीत एका खोलीत आई, वडील, दोन भाऊ आणि हा. गाव मालवणकडचं. वडील गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले. मंगेश कमी बोलायचा, आणि चढाईपटूच्या डोळ्यांकडे कधीच बघायचा नाही. 'डोळे खोटं बोलतात, पाय नाही बोलत,' असं एकदा म्हणाला होता. वीस वर्षांतलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य बहुतेक तेच.

आमच्या वेळची मंडळं काही साधुसंतांची नव्हती, हे आधीच सांगतो. खेळाडू पळवायचे प्रकार तेव्हाही व्हायचे, आणि त्यावरून डोकीही फुटायची. मंगेश वीस वर्षांचा असताना प्रभादेवीच्या एका मंडळाला तो हवा होता. त्यांचे दोन जाणते कार्यकर्ते संध्याकाळी चाळीत आले, चपला बाहेर काढून आत बसले, मंगेशच्या आईच्या हातचा चहा प्यायले आणि वडिलांना म्हणाले, 'काका, पोरगा द्या, कंपनीच्या संघात चिकटवतो.' वडिलांनी मंगेशला विचारलं. मंगेशने आठवडा घेतला, स्वतःच्या मंडळात जाऊन सांगितलं, शिव्या खाल्ल्या, रडलासुद्धा, आणि मग गेला. त्यातही स्वार्थ होता, पण जो माणूस हवा होता त्याच्या दारात यावं लागत होतं. त्याच्या आईच्या तोंडाकडे बघून बोलावं लागत होतं. मला आज त्या चपला बाहेर काढण्याचीच आठवण येते.

कंपनीने त्याला चिकटवलं, पण कायम केलं नाही. दरवर्षी कंत्राट. खेळाडूंची भरती कमी होत चालली होती. अशात लीग आली, आणि त्याचं नाव लिलावात द्यायला मीच त्याच्या मागे लागलो. तो सत्तावीस वर्षांचा होता, लग्न ठरलं होतं. तो म्हणाला, 'कंपनी सोडावी लागेल.' मी म्हणालो, 'कंपनी काय देते तुला? एका मोसमात पाच वर्षांचं काढशील.' फॉर्म मीच भरला. त्याच्या आईला लिलाव हा शब्द काही पटेना. 'लिलाव घराचो करतत, भांड्याकुंड्यांचो करतत. माणसांचो कसलो लिलाव करतत रे?' आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्याने हसलो.

पहिली तीन वर्षं उत्तम गेली हे खोटं नाही. एका मोठ्या शहराच्या संघाने त्याला घेतला, डावा कोपरा दिला, आणि त्याने तो असा सांभाळला की चढाईपटू त्या बाजूला पाय टाकायला कचरायचे. दीपालीवहिनीशी लग्न झालं, सई झाली, भावाचं शिक्षण झालं. मीही तोवर गुडघे आणि वजन दोन्ही बिघडून समालोचनाच्या खोलीत पोचलो होतो. त्याची पकड झाली की माझा आवाज आपोआप चढायचा. माझ्या शेजारचा जोडीदार चिडवायचा, 'तुझ्या घरचा आहे का रे?' मी म्हणायचो, 'हो.'

मग त्या संघाला एक नामांकित चढाईपटू हवा झाला. इथे एक नियम समजून घ्यावा लागेल. प्रत्येक संघाने खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याला वरची मर्यादा असते. एक महागडा आत घ्यायचा तर दुसरा कुणी महागडा बाहेर घालवायचा. मंगेशची किंमत तीन वर्षांत वाढली होती, म्हणजे चांगला खेळल्यामुळेच तो आता जड झाला होता. आणि त्याच मोसमात त्याचा उजवा गुडघा गेला. बाहेर कुणाला कळलं नाही. संघाने कळू दिलं नाही. जखमी खेळाडू कोण घेणार? त्याला खेळता ठेवायचा, पडद्यावर दिसता ठेवायचा, आणि अदलाबदलीची मुदत सुरू झाली की समोरच्याच्या गळ्यात मारायचा. सामन्याआधी सुई, सामन्यानंतर गोळ्या. मी एकदा त्यांच्या हॉटेलात त्याला भेटायला गेलो होतो. संघाचा फिजिओ जेवणाच्या टेबलावर येऊन बडीशेप द्यावी तशा त्याच्या तळहातावर तीन गोळ्या ठेवून गेला. मी विचारलं, 'रोज?' मंगेश म्हणाला, 'सामन्याच्या दिवशी पाच.'

हे मला माहीत होतं. हेही मला लिहिलंच पाहिजे. मला माहीत होतं आणि मी समालोचनात म्हणत होतो, 'पोलादी गुडघ्यांचा मंगेश!'

ज्या दुपारी त्याची अदलाबदल झाली तेव्हा मी स्टुडिओत होतो. थेट कार्यक्रम चालू होता. समोरच्या पडद्यावर अचानक दोन फोटो आले, एक मंगेशचा, एक कुणा बावीस वर्षांच्या चढाईपटूचा. मध्ये दोन बाण, एक इकडे जाणारा, एक तिकडे. कानात निर्मात्याचा आवाज : 'अजय, याच्यावर बोल, वीस सेकंद.' मंगेशने मला काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं त्याला माहीत असेल, नेहमीसारखा बोलला नसेल. आणि मी तोंड उघडलं. 'डोकेबाज व्यवहार! स्वस्तात तरुण चढाईपटू मिळवला, आणि बचावाचा भार हलका केला!' भार. माझ्या तोंडून तोच शब्द गेला.

त्यालाही माहीत नव्हतं. हॉटेलच्या जेवणघरात तो वरणभात खात बसला होता, भिंतीवर टीव्ही होता, आणि त्याला पहिली बातमी माझ्या आवाजात मिळाली. संध्याकाळी मी फोन केला तेव्हा तो बॅग भरत होता. मी म्हणालो, 'मंग्या, आईशप्पथ, मला वाटलं तुला ठाऊक आहे.' तो म्हणाला, 'डोकेबाज म्हणालास ना?'

'म्हणालो.'

'बरोबरच आहे रे. माझा गुडघा त्यांना ठाऊक होता. समोरच्यांना नव्हता.'

त्याच्या आवाजात राग नव्हता. मला अजून त्या आवाजाची भीती वाटते. मॅनेजरने त्याला जेवण झाल्यावर बोलावून विमानाचं तिकीट दिलं आणि संघाची बॅग परत मागितली, कारण तिच्यावर त्यांचं चिन्ह होतं. मंगेशने आपले कपडे दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घातले आणि तो नव्या शहरात गेला.

नव्या संघाला आठ दिवसांत कळलं काय माल पदरात पडलाय ते. त्यांनी पहिल्या संघाशी भांडण काढलं, मेल पाठवले, वकील आणले, आणि भांडण चालू असेपर्यंत मंगेशला चार सामने खेळवला, कारण पैसे मोजले होते ना. पुन्हा सुई, पुन्हा गोळ्या. चौथ्या सामन्यात तो मैदानातून स्वतःच्या पायांनी बाहेर येऊ शकला नाही. मग त्याचं नाव मोकळ्या खेळाडूंच्या यादीत टाकलं. दोन दिवस ती यादी सगळ्या संघांपुढे फिरते, ज्याला हवा त्याने उचलावा. बाजारात शेवटी उरलेल्या मासळीसारखं. वरळी कोळीवाड्यात मी लहानपणी मावशीबरोबर जायचो, तिथली कोळीण उरलेली मासळी शेजारणीला तरी देऊन टाकायची, नाल्यात फेकायची नाही. याला कुणी उचललं नाही. दोन दिवस आम्ही सगळे फोनकडे बघत होतो. त्याची आई देवापुढे बसून होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुदत संपली, तेव्हा ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, 'मेल्यांनी माझ्या झिलाक इकल्यांनी, आणि मगे टाकून दिल्यांनी.' त्या वेळी कुणी हसलं नाही.

मंगेश परत आला तेव्हा चाळ पाडायचं काम सुरू झालं होतं, घरचे नायगावातच संक्रमण शिबिरातल्या खोलीत गेले होते. त्याने स्वतःच्या पैशाने गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. करारात दुखापतीचा विमा होता, पण दुखापत आधीची आहे असं नवा संघ म्हणाला, आणि आमच्याकडे असताना दुखापत नव्हतीच असं जुना म्हणाला. दोघांच्या कागदांप्रमाणे मंगेशचा गुडघा कुठेच मोडला नव्हता. तो गोळ्या घेत, लंगडत का होईना, मंडळाच्या मुलींच्या संघाला शिकवू लागला. रे रोडला एका लाकडाच्या वखारीत सुपरवायझरचं काम मिळालं. मला वाटलं, चला, लागला मार्गी. मग त्याचे पाय सुजायला लागले. सकाळी डोळे सुजायचे. जेवण नकोसं झालं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिलाच प्रश्न विचारला, 'दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेताय?' मंगेशने बोटं मोजली. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ संपली होती. 'केवळ गोळ्यांनीच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही,' डॉक्टर म्हणाले, 'पण एवढ्या गोळ्या मी माझ्या शत्रूलाही दिल्या नसत्या.'

दोन वर्षं आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. दीपालीवहिनीने आपलं मूत्रपिंड द्यायची तयारी केली, जुळलं नाही. आईचं वय आणि रक्तदाब आड आला. एका भावाला साखर, दुसऱ्याच्या घरून नकार. मी मंगळवारी त्याच्याबरोबर जायचो, चार तास त्याच्या खुर्चीशेजारी बसायचो. आम्ही जुने सामने मोबाइलवर बघायचो. त्याचा आणि माझा रक्तगट एकच आहे. हे आम्हा दोघांना कधीपासून ठाऊक होतं, दोघांनी मिळून एकाच शिबिरात रक्त दिलेलं आहे. नात्याबाहेरच्या माणसाला द्यायचं तर समितीपुढे जावं लागतं, कागद करावे लागतात, कठीण असतं, पण होतं. मी हे सगळं इंटरनेटवर वाचून ठेवलं होतं. त्याने एकदाही विचारलं नाही. मी एकदाही विषय काढला नाही. माझी मुलं, माझी नोकरी, माझं वय... मीही मनातल्या मनात हिशेब मांडला, आणि मंगेश मलाही जड झाला. त्या संघमालकांची मला किळस येते, रोज येते, त्यांची नावं पडद्यावर दिसली की तोंडात कडू पाणी येतं. पण ती किळस त्यांच्यापाशी थांबत नाही. आरशापर्यंत येते.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी पहिल्या संघाच्या मॅनेजरचा मला फोन आला. नव्या मोसमातला मुंबईतला त्यांचा पहिला सामना वरळीला होता. सामन्याआधी मंगेशला मानवंदना द्यायची त्यांची इच्छा होती. दिवे मंद करायचे, त्याच्या पकडी दाखवायच्या, त्याच्या जर्सीचा नंबर पुढे कुणालाच द्यायचा नाही असं जाहीर करायचं, आणि त्याच्या कुटुंबाला मॅटवर बोलावून जर्सी द्यायची. निवेदन मी करायचं. 'अजयभाई, वहिनींना तुम्ही तयार करा. मुलीलाही आणा. मुलगी हवीच.' चेक किती रकमेचा आहे तेही त्याने सांगितलं, आणि तो मोठ्या आकाराचा, पुठ्ठ्याचा असेल हेही. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. वाटलं, पैसे आहेत, सईच्या शिक्षणाला होतील. मी कोण नाही म्हणणारा?

रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो. आई आत निजलेली, सई खाली खेळायला गेलेली. मी जमेल तेवढं सरळ सांगितलं. दीपालीवहिनी भाजी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं तिने, मेथीच्या काड्या बाजूला केल्या, हात पुसले, कपाटातून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि त्यातला कागद माझ्यापुढे ठेवला. पहिल्या संघाचं पत्र. अदलाबदलीच्या दिवशीची तारीख, खाली शिक्का. इंग्रजीत लिहिलं होतं की आजपासून सदर खेळाडूचा आणि या संघाचा कोणताही संबंध राहिलेला नाही, आणि सदर खेळाडूने संघाचं नाव, चिन्ह वा रंग कुठेही वापरू नये.

'वाचलंत?' ती म्हणाली. 'हे त्यांचे नव्हते, भावोजी. तसं त्यांनीच लिहून दिलंय. ह्यांनी त्यांचं नाव वापरायचं नाही, मग त्यांनी ह्यांचं का वापरायचं?'

मी पैशांचं बोललो. सईचं नाव काढलं.

'सईला मी वाढवीन,' ती म्हणाली. 'पाळणाघरात लागलेय मी, दादरला. आणि तिच्या बापाला एका दुपारी दुसऱ्यांना देऊन टाकलं, तेव्हा दिवे मंद नव्हते केले कुणी. तुम्ही बोलत होता तेव्हा टीव्हीवर.'

तिने ते टोचून म्हटलं नाही. जे घडलं ते सांगितलं. मी मान खाली घातली आणि तिथे बसूनच, तिच्यासमोर मॅनेजरला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. पत्रातलं वाक्य न् वाक्य वाचून दाखवलं आणि सांगितलं, कुटुंब येणार नाही, मंगेशचा फोटो लावायचा नाही, आणि मीही येणार नाही. तो म्हणाला, 'ठीक आहे. पण तो स्लॉट प्रायोजकाला विकलाय हो. दुसरं कुणी आहे का तुमच्या ओळखीत, नुकतं गेलेलं?' मी फोन ठेवला. वहिनी पुन्हा मेथी निवडायला लागली होती. वरळीचा तो सामना झाला, मंगेशचं नाव कुणी घेतलं नाही. हा लेख छापून आल्यावर मला समालोचनाला बोलावतील असं वाटत नाही. बोलावलं तरी जायचं नाही, एवढं मी दीपालीवहिनीला सांगितलंय, म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.

निघायला उठलो तेव्हा माझं लक्ष ओट्याकडे गेलं. तिथे पाण्याची एक काचेची बाटली होती, अर्ध्याच्या जरा वर लाल नेलपॉलिशने ओढलेली रेघ, आणि बरोबर त्या रेघेपर्यंत भरलेलं पाणी. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. मंगेशचं दिवसभराचं पाणी त्या रेघेपर्यंत असायचं, रेघ सईने ओढली होती. उन्हातान्हातून आला तरी तो दोन घोट घ्यायचा, बाटली उन्हाकडे धरून किती उरलंय बघायचा आणि ठेवून द्यायचा. मी बघतोय हे वहिनीच्या लक्षात आलं. 'रोज सकाळी उठले की हात भरतोच ती,' ती म्हणाली. 'संध्याकाळी झाडाला घालते.' मग तिने बाटली उचलून माझ्या हातात दिली. 'प्या. बाहेर ऊन आहे.'

मी उभ्यानेच ती तोंडाला लावली. त्याचं दिवसभराचं पाणी होतं ते. माझं एका दमात संपलं.